डोमेन सुटताना पकडायचं आहे? ड्रॉपकॅच, नेमजेट, गोडॅडी आणि बाकीच्या बॅकऑर्डर सेवांची पारख

डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत १० तारखेला संपली म्हणून ते ११ तारखेला कुणालाही मिळेल, असं होत नाही. मध्ये जवळपास अडीच महिने जातात आणि तेवढ्या काळात ते नाव भलत्याच्या हातात गेलेलं असू शकतं. बॅकऑर्डर म्हणजे नाव सुटताच ते आपल्यासाठी पकडायला एखाद्या सेवेला आधीच सांगून ठेवणं. ती करायला निघालेला माणूस बहुधा पहिलाच प्रश्न विचारतो की सगळ्यात चांगली सेवा कोणती. आमच्या मते हा प्रश्न दुसरा. आधी बघायचं ते हे की हे नाव बाहेर येणार कोणत्या वाटेने. वाट कळली की निम्म्या सेवा आपोआप बाद होतात, आणि उरलेल्यांत निवड करणं फारसं अवघड राहत नाही.

डॉट कॉमचं घ्या. मुदत संपली की व्हेरिसाइन ही रजिस्ट्री (सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंद ठेवणारी कंपनी) ते नाव आपल्या नोंदीत आपोआप एका वर्षाने वाढवून टाकते आणि रजिस्ट्रारला (मालकाने ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिला) ती वाढ रद्द करायला ४५ दिवस देते. पुष्कळ लोक इथेच फसतात. आरडॅपवर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सार्वजनिक शोधात, नाव शोधलं तर रजिस्ट्रीच्या नोंदीत मुदत पुढच्या वर्षाची दिसते, आणि 'मालकाने पैसे भरले वाटतं' असं समजून ते नाद सोडतात. त्याच नोंदीत 'ऑटो रिन्यू पिरिअड' ही स्थिती लिहिलेली असेल तर पैसे भरले गेले आहेत असं धरू नका. रजिस्ट्रारच्या स्वतःच्या नोंदीत जुनी तारीख सहसा तशीच असते, म्हणून दोन्ही नोंदी ताडून बघायच्या. (डॉट कॉमसारख्या सामान्य डोमेनांसाठी हूइज या जुन्या शोधाची सक्ती डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने २८ जानेवारी २०२५ पासून काढली. आता आयकॅनच्या लुकअप पानावर आरडॅपनेच शोधा. जुनी हूइजची पानं शिळी माहिती दाखवू शकतात.)

या ४५ दिवसांत मालकाने पैसे भरले नाहीत आणि रजिस्ट्रारने नाव रद्द केलं, तर पुढचे ३० दिवस 'रिडेम्प्शन' असतं. या काळात फक्त जुना मालकच नाव सोडवू शकतो, तेही जबर दंड भरून. त्यानंतर ५ दिवस 'पेंडिंग डिलीट'. या पाच दिवसांत मालक, रजिस्ट्रार, कुणालाच काही करता येत नाही. पाचव्या दिवशी रजिस्ट्री नाव पुसते आणि ते खुलं होतं. यालाच सुटणं किंवा ड्रॉप म्हणतात. मुदत संपल्यापासून इथपर्यंत साधारण ७५ ते ८० दिवस होतात.

आता खरी मेख. चांगलं म्हणावं असं नाव या शेवटच्या टप्प्यापर्यंत बहुधा पोचतच नाही. मोठे रजिस्ट्रार मुदत संपलेलं नाव रद्द करण्याऐवजी आपल्याच किंवा भागीदाराच्या लिलावात विकतात आणि ते सरळ नव्या मालकाच्या नावे करतात. याला प्री-रिलीज म्हणतात. गोडॅडीकडे नोंदलेली नावं गोडॅडी ऑक्शन्समध्ये येतात, नेटवर्क सोल्यूशन्सची नेमजेट आणि स्नॅपनेम्सवर, डायनाडॉटची डायनाडॉटच्याच लिलावात, नेमचीपची त्यांच्या मार्केटमध्ये. तुम्ही ड्रॉपकॅचवर बॅकऑर्डर टाकून पेंडिंग डिलीटची वाट बघत बसलात आणि नाव गोडॅडीचं असेल, तर मुदत संपल्याच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यातच त्याचा लिलाव उरकलेला असतो. तुमच्या बॅकऑर्डरचं पुढे काहीच होत नाही, कारण नाव सुटलेलंच नसतं. नंतर नोंद बघितली तर स्थापनेची तारीख जुनीच दिसते, फक्त मालक बदललेला असतो.

म्हणून पहिलं काम पाच मिनिटांचं आहे. आरडॅपमध्ये रजिस्ट्रारचं नाव आणि स्थिती या दोनच गोष्टी वाचा. स्थिती 'ऑटो रिन्यू पिरिअड' असेल तर त्या रजिस्ट्रारच्या लिलावावर नजर ठेवा. 'रिडेम्प्शन' किंवा 'पेंडिंग डिलीट' असेल तर प्री-रिलीजची वेळ गेली, आता ड्रॉप पकडणाऱ्या सेवांकडे जा. आणि यातलं काहीच नसून मुदत अजून चार वर्षांनी संपणार असेल तर बॅकऑर्डरचा नाद सोडा, मालकाला थेट विचारा किंवा दलाल नेमा. व्यवस्थित चालणाऱ्या कंपनीचं नाव कधीतरी चुकून सुटेल या आशेवर पैसे अडकवण्यात अर्थ नाही. अशा चुका होतात, नाही असं नाही. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरले नाहीत आणि हॉटमेल अनेकांना उघडेना. पण अशी चूक लक्षात आल्यावर मालक काही तासांत पैसे भरतो, आणि नियमही त्याच्याच बाजूचे आहेत. आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, साधारण आठवडाभर आधी आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत अशी तीन वेळा आठवण द्यावीच लागते.

ड्रॉपच्या क्षणी नेमकं काय घडतं

सेवेची किंमत कशाबद्दल आहे हे समजायला हा भाग माहीत हवा. व्हेरिसाइन रोज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी दोनच्या सुमाराला डॉट कॉम आणि डॉट नेटची नावं पुसायला घेते आणि पुढच्या तासाभरात हजारो नावं एकामागून एक सोडते. आपल्याकडे ही वेळ उन्हाळ्यात रात्री साडेअकराची आणि हिवाळ्यात साडेबाराची. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे तारीख बदललेली असते, आणि तारखेचा घोळ इथेच होतो. 'पेंडिंग डिलीट' ३ फेब्रुवारीला लागलं असेल तर नाव ८ फेब्रुवारीला सुटतं, पण आपल्या घड्याळात तेव्हा ९ तारीख लागलेली असते.

आयकॅनची मान्यता असलेल्या प्रत्येक रजिस्ट्रारला रजिस्ट्रीशी बोलायला ठरावीक जोडण्या मिळतात, सगळ्यांना सारख्याच. त्या जोडण्यांवरून ईपीपी नावाच्या भाषेत 'हे नाव माझ्या नावे कर' असा आदेश पाठवला जातो. नाव अजून पुसलेलं नसेल किंवा दुसऱ्याने घेतलं असेल तर उत्तर येतं २३०२, म्हणजे 'आधीच अस्तित्वात आहे'. पुसल्यानंतर ज्याचा आदेश सगळ्यात आधी पोचतो त्याला १००० हे उत्तर मिळतं आणि खेळ संपतो. बाकी सगळ्यांना पुन्हा २३०२. हे सगळं सेकंदाच्या एका तुकड्यात होतं. ब्राउझर उघडून शोधपट्टीत नाव टाकत बसलेल्या माणसाला यात काहीही संधी नाही. तत्काळची खिडकी उघडताना एकीकडे आपलं एक बोट आणि दुसरीकडे शेकडो खिडक्यांवर उभे असलेले एजंट, असा हा सामना आहे.

ज्याच्याकडे रजिस्ट्रारच्या मान्यता जास्त त्याच्या जोडण्या जास्त, आणि नाव मिळण्याची शक्यताही तितकी जास्त. त्यासाठी या कंपन्यांनी कागदोपत्री शेकडो रजिस्ट्रार उभे केले आहेत. २०१६च्या अखेरीस ड्रॉपकॅचने एका दमात ५०० नव्या मान्यता घेतल्या. आयकॅनची वार्षिक फी प्रत्येक मान्यतेमागे ४,००० डॉलर आहे, त्यावरून या धंद्यात किती पैसा आहे याचा अंदाज यावा. पकडलेल्या नावाच्या नोंदीत रजिस्ट्रार म्हणून 'ड्रॉपकॅच डॉट कॉम' आणि पुढे तीन-चार आकडी संख्या दिसली तर घाबरू नका. तो याच फौजेतला एक आहे.

यावरून एक गोष्ट पक्की होते. ज्या सेवेकडे मोजक्याच मान्यता आहेत ती मागणी असलेलं डॉट कॉम पकडून देईल ही शक्यता कमी, तिची वेबसाइट कितीही चकचकीत असो. 'यशाची खात्री' असं लिहिणाऱ्यापासून तर लांबच राहा. या कामात खात्री कुणीच देऊ शकत नाही.

ड्रॉपकॅच

पेंडिंग डिलीटमधल्या डॉट कॉमसाठी आम्ही पहिली ऑर्डर इथेच टाकायला सांगू. बॅकऑर्डर ५९ डॉलरपासून आहे, आजच्या भावाने पाच हजार रुपयांच्या थोडं वर, आणि नाव मिळालं तरच पैसे. नाव पकडलं गेलं आणि त्यावर तुमची एकट्याचीच ऑर्डर असेल तर ते त्या भावात तुमचं. दोन किंवा जास्त ऑर्डरी असतील तर तीन दिवसांचा लिलाव होतो.

खटकणारी बाजूही याच लिलावात आहे. तो खुला असतो, म्हणजे ज्यांनी आधी ऑर्डर दिली नव्हती तेही येऊन बोली लावू शकतात. तुम्ही तीन महिने पाळत ठेवून शोधलेलं नाव लिलावाच्या यादीत झळकलं की धंदेवाईक खरेदीदारांच्या नजरेत येतं आणि भाव चढतो. ज्या नावाला तुमच्याखेरीज कुणी विचारणार नाही असं वाटत होतं ते २००-३०० डॉलरवर गेलेलं बघायची तयारी ठेवा. आपली कमाल रक्कम आधी ठरवून ती ऑटो-बिडमध्ये (आपल्या वतीने आपोआप बोली वाढवणाऱ्या सोयीत) भरा आणि लिलावाच्या शेवटच्या तासात पान उघडूच नका. बहुतेक लिलावांत शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला झडप घालायची युक्ती चालत नाही. तिथे बसून फक्त हात सैल होतो.

आणखी एक गोष्ट उघड आहे, तरी नवख्याला माहीत नसते. ड्रॉपकॅच आणि डोमेन विकणारी ह्यूजडोमेन्स ही एकाच समूहाची भावंडं आहेत. ज्या नावावर कुणाचीच ऑर्डर नाही पण ज्यात विक्रीमूल्य दिसतं, असं नाव पकडून पुढे ते हजारो डॉलरना विकायला लागलेलं दिसू शकतं. म्हणून नाव मनापासून हवं असेल तर 'कुणी घेणार नाही, सुटल्यावर निवांत नोंदवू' असं म्हणून थांबू नका.

नेमजेट आणि स्नॅपनेम्स

स्नॅपनेम्स या धंद्यातली सगळ्यात जुन्या नावांपैकी एक, २००० सालची. नेमजेट २००७ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स आणि ईनॉम या रजिस्ट्रारांनी मिळून काढली. आज दोन्ही एकाच छताखालच्या आहेत आणि माल बराचसा सामाईक आहे, त्यामुळे दोन्हीकडे ऑर्डर टाकली म्हणजे संधी दुप्पट झाली असं समजू नये. किमान भाव ७० ते ८० डॉलरच्या घरात, आणि इथेही नाव मिळाल्यावरच पैसे.

ड्रॉपकॅचपेक्षा महत्त्वाचा फरक असा की इथे पकडलेल्या नावाच्या लिलावात ज्यांनी ऑर्डरची वेळ संपण्याआधी ऑर्डर टाकली होती तेवढेच उतरू शकतात. अनोळखी, वर्णनात्मक, स्थानिक स्वरूपाच्या नावासाठी हे फार सोयीचं आहे. 'सांगली' किंवा 'पैठणी' असा शब्द असलेल्या डॉट कॉमवर परदेशातला खरेदीदार आधीपासून ऑर्डर टाकून बसलेला असण्याची शक्यता कमी, आणि बंद लिलावात त्याला मागून शिरता येत नाही. उलट बाजू अशी की ऑर्डरची वेळ चुकली तर तुम्हालाही शिरता येत नाही. म्हणून ऑर्डर ड्रॉपच्या किमान आदल्या दिवशी टाका. प्री-रिलीज नावांची ऑर्डरची मुदत वेगळी असते, ती त्या नावाच्या पानावर बघावी.

या सेवेचं परीक्षण करताना २००९ सालचं प्रकरण लपवून ठेवणं बरोबर नाही. कंपनीतलाच एक अधिकारी टोपणनावाने लिलावांत बोली लावत होता, त्यामुळे ग्राहकांना जास्त पैसे मोजावे लागले. हे स्नॅपनेम्सने त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्वतः जाहीर केलं आणि ग्राहकांना व्याजासकट फरक परत द्यायची तयारी दाखवली. तेव्हा कंपनीची मालकी वेगळी होती. तरीही कोणत्याही डोमेन लिलावात एक सावधगिरी बाळगा: समोरचं टोपणनाव कुणाचं आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणून समोरच्याच्या जिद्दीवरून नावाची किंमत ठरवू नका. ती आपल्या वापरावरून ठरवा.

गोडॅडी

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात आणि लोक हमखास गोंधळतात. एक आहे गोडॅडी ऑक्शन्स, आणि दुसरी गोडॅडीची बॅकऑर्डर.

ऑक्शन्स उत्तम. गोडॅडीकडे नोंदलेली नावं भरपूर आहेत, त्यामुळे मुदत संपलेली नावंही तिथे खूप येतात. मुदत संपल्यावर साधारण २५-२६व्या दिवशी नाव यादीत लागतं, दहा दिवस लिलाव चालतो. बोली आलीच नाही तर 'क्लोजआउट'मध्ये जातं, जिथे भाव दिवसागणिक उतरत जातो आणि जो आधी दाबेल त्याला नाव मिळतं. मराठी शब्दांची, गावांच्या नावांची, बंद पडलेल्या छोट्या दुकानांची नावं क्लोजआउटमध्ये स्वस्तात मिळून जातात. दाखवलेल्या भावाखेरीज एक वर्षाच्या नूतनीकरणाचे पैसे वेगळे लागतात, ते धरूनच हिशेब करा. आणि जिंकल्याबरोबर नाव खात्यात येत नाही. काही दिवस जावे लागतात, तेवढ्यात जुन्या मालकाने नाव सोडवलं तर तुमचे पैसे परत मिळतात, नाव मिळत नाही. त्यामुळे नाव प्रत्यक्ष खात्यात दिसेपर्यंत व्हिजिटिंग कार्डं छापू नका, फलक रंगवायला देऊ नका.

बॅकऑर्डर मात्र आम्ही सुचवणार नाही, निदान दुसऱ्या रजिस्ट्रारच्या नावासाठी तरी नाही. तिथे पैसे आधी भरावे लागतात, आणि ड्रॉपच्या शर्यतीत फक्त याच कामासाठी उभ्या केलेल्या फौजांपुढे ती मागे पडते. पैसे आधी घेणारी सेवा निवडायची असेल तर नाव न मिळाल्यास रोख परत मिळतात की दुसऱ्या नावासाठी वापरायला खात्यात राहतात, ते वाचूनच कार्ड काढा.

बाकीच्या

डायनाडॉट हा तिसरा पर्याय म्हणून ठेवावा. भाव वरच्या दोघांपेक्षा सौम्य, खातं हाताळायला सोपं. मागणी असलेल्या डॉट कॉमला ताकद कमी पडते, पण दुय्यम नावांसाठी आणि इतर विस्तारांसाठी (विस्तार म्हणजे नावाचा डॉटनंतरचा भाग) चांगली. पार्क डॉट आयओ ही डॉट आयओ, डॉट को, डॉट मी अशा देशांच्या विस्तारांसाठी ओळखली जाते. असं नाव हवं असेल तर तिथे जा, डॉट कॉमसाठी नाही.

पैसे नाव मिळाल्यावरच घेणाऱ्या जेवढ्या सेवा आहेत त्या सगळ्यांवर एकाच नावाची ऑर्डर टाकायला हरकत नाही. नाव पकडणार एकच जण, त्यामुळे पैसेही एकदाच जातील. पेंडिंग डिलीटमधल्या डॉट कॉमसाठी ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स किंवा नेमजेटपैकी एक, आणि डायनाडॉट, असं त्रिकूट पुरेसं आहे.

आणि काही नावांना यातलं काहीच लागत नाही. तीन शब्दांचं लांबलचक नाव, चुकीच्या स्पेलिंगचं, एखाद्या बंद झालेल्या छोट्या संस्थेचं आद्याक्षरी नाव, ज्याला ना दुसऱ्या साइटवरून लिंका, ना कुणी शोधतं. ते सुटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या रजिस्ट्रारकडे नेहमीच्या भावात मिळण्याची शक्यता बरीच असते. पाच हजार वाचतात. नाव गेलं तर चालेल का, एवढंच स्वतःला विचारा. चालणार असेल तर थांबा, नसेल तर ऑर्डर टाका.

डॉट इन आणि डॉट भारत

डॉट इनची रजिस्ट्री निक्सी या भारतीय संस्थेच्या हाताखाली आहे, व्हेरिसाइनचा इथे संबंध नाही. टप्प्यांची नावं तीच, म्हणजे रिडेम्प्शन, पेंडिंग डिलीट, पण सुटण्याची वेळ वेगळी आणि पकडणारेही वेगळे. डॉट कॉममध्ये दादा असलेली सेवा डॉट इनमध्ये दुबळी असू शकते, किंवा तिच्या यादीत डॉट इन नसूही शकतं. ऑर्डर घेतली म्हणजे ती सेवा डॉट इन पकडू शकते असं धरू नका. सेवेच्या विस्तारांच्या यादीत डॉट इन आणि डॉट को डॉट इन वेगवेगळे लिहिले आहेत का ते बघा. गोडॅडीकडे नोंदलेलं डॉट इन असेल तर आधी त्यांच्या ऑक्शन्समध्ये शोधा.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि मराठी नावं त्यात नोंदवता येतात. त्यासाठी मात्र हाताने लक्ष ठेवणं हाच मार्ग धरून चाला. नोंद शोधताना नावाचं 'एक्सएन'ने सुरू होणारं सांकेतिक रूप लागतं, ते काढून वहीत लिहून ठेवा आणि स्थिती दर दोन-तीन दिवसांनी बघा. स्पर्धा इतकी कमी असते की एवढं बहुधा पुरतं.

आपलंच नाव सुटायला लागलं असेल तर मात्र बॅकऑर्डरच्या फंदात अजिबात पडू नका. आपल्याकडे कितीतरी शाळा, पतसंस्था, दिवाळी अंक आणि गृहनिर्माण संस्थांची डोमेनं वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या खात्यात असतात. तो फोन बदलतो, गाव सोडतो, आणि आठवणीच्या तिन्ही मेल त्याच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जातात. रिडेम्प्शन संपेपर्यंत नाव सोडवायचा हक्क नोंदणी ज्याच्या नावे आहे त्याचाच असतो. म्हणून रजिस्ट्रारला मूळ पावती, जुन्या मेल, संस्थेचं नोंदणीपत्र दाखवून खातं ताब्यात घ्यायचा प्रयत्न करा. दंड सात-आठ हजार रुपये लागला तरी तो लिलावापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा.

बोलीआधी नावाचं पूर्वचरित्र

जुनं नाव म्हणजे गूगलमध्ये आपोआप वर, हा समज आता टाकून द्यायला हवा. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅम धोरणात मुदत संपलेल्या डोमेनांचा गैरवापर हा वेगळा गुन्हा म्हणून घातला. शाळेचं जुनं डोमेन घेऊन त्यावर कर्जाच्या किंवा जुगाराच्या जाहिराती चालवल्या तर ते शोधातून उडू शकतं. नाव नावासाठीच घ्यायचं, मागच्याच्या पुण्याईवर धंदा करायला नाही.

वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात प्रत्येक वर्षाची एक-दोन पानं उघडून बघा. २०१४ला पुण्यातलं पुस्तकांचं दुकान, २०१९ला चिनी अक्षरांतल्या जुगाराच्या जाहिराती, असं दिसलं तर सावध व्हा. स्पॅमसाठी बदनाम नावांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीत नाव आहे का तपासा. असेल तर तुमच्या मेल लोकांच्या इनबॉक्सपर्यंत पोचणार नाहीत, आणि हे दुखणं पुष्कळ दिवस चालतं. धोकादायक साइट ओळखणाऱ्या गूगलच्या सेफ ब्राउझिंगच्या पानावर नाव टाकून बघा. भारतीय ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात तो शब्द कुणाच्या नावे आहे का बघा. दुसऱ्याचा ब्रँड असलेलं नाव पकडून त्यालाच विकायला गेलात तर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी या डोमेनच्या वादांचा निवाडा करणाऱ्या प्रक्रियांत ते हातातून जाऊ शकतं. एका पंचापुढची यूडीआरपी तक्रार वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे १,५०० डॉलरमध्ये दाखल होते. मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ आहे.

आणि एक गोष्ट आग्रहाने. जुन्या मालकाच्या मेल नव्या मालकाच्या सर्व्हरवर येऊ लागतात: बँकेची पत्रं, रुग्णांचे अहवाल, पासवर्ड बदलायच्या लिंका. सगळ्या पत्त्यांच्या मेल एकत्र झेलणारा कॅच-ऑल बंद ठेवा. त्या मेल तुमच्या नाहीत.

पैसे आणि नंतरचं काम

ऑर्डर टाकायच्या आधी आठवडाभर खातं उघडा. नव्या खात्याला बोलीची मर्यादा असते, मोठ्या बोलीसाठी ओळखपत्र मागतात, आणि ते तपासायला वेळ लागतो. लिलाव रंगात आलेला असताना 'तुमची मर्यादा संपली' हा निरोप यायला नको. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा आणि मर्यादा वाढवा. डॉलरच्या भावावर बँक साधारण २ ते ३.५ टक्के वरकड घेते आणि त्या वरकडीवर जीएसटी. २०० डॉलरच्या बोलीत हे चारशे ते सातशे रुपये सहज होतात. जिंकून पैसे न भरल्यास खातं बंद होतं, आणि एकाच समूहाच्या दुसऱ्या सेवेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

नाव खात्यात आल्यावर पहिलं काम म्हणजे मेल बघणं. मालकाचा ईमेल पत्ता पडताळायची लिंक येते, ती १५ दिवसांत दाबली नाही तर आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला नाव थांबवावं लागतं आणि साइट बंद पडते. ड्रॉपमधून पकडलेलं नाव नव्या तारखेचं असतं, त्यामुळे पहिले ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येईल असं धरू नका. ड्रॉपकॅचची नावं नेमब्राइट या रजिस्ट्रारच्या खात्यात येतात. सध्या तिथेच नेमसर्व्हर (नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते ठरवणारी नोंद) बदला, साइट चालू करा, आणि ६० दिवसांनी ऑथ कोड (नाव हलवायला लागणारा सांकेतिक शब्द) घेऊन सोयीच्या ठिकाणी न्या. हलवताना एक वर्षाचे पैसे भरावे लागतात, पण तेवढी मुदतही वाढते, म्हणून ते पैसे वाया जात नाहीत. ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. परदेशी रजिस्ट्रारचे आपोआप कापले जाणारे पैसे भारतीय कार्डावर पुष्कळदा अडतात. एकदम तीन ते पाच वर्षांचं नूतनीकरण करून टाका, डॉट कॉम जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत भरता येतं. खात्याला संस्थेतल्या दोन माणसांचा ईमेल जोडा, आणि त्यातला एक पत्ता त्या डोमेनवरचा नसावा, म्हणजे नाव थांबलं तरी त्याबद्दलची मेल कुणाला तरी पोचेल.